पाणीसाठा पाठ असलेला मुलगा आणि मैत्रीची शिकवणी

लातूरहून एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा मुलगा १६ वर्षांचा असून अकरावी विज्ञान शाखेत शिकतो. औसा तालुक्यातले गाव सोडून मायलेक क्लाससाठी लातुरात खोली करून राहतात. वडील शेती सांभाळतात आणि शनिवारी येतात. नवव्या वर्षी मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान झाले. त्याचे बोलणे स्पष्ट आहे, गणित चांगले आहे, पण मित्र एकही नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, तेव्हा तो सात वर्षांचा होता. तेव्हापासून पाणी हाच त्याचा विषय झाला असून मांजरा धरणात कोणत्या वर्षी किती टक्के साठा होता, हे तो तोंडपाठ सांगतो. वर्गातल्या मुलांनी त्याचे नाव ‘टँकर’ पाडले आहे. आता एका संस्थेने १२ आठवड्यांचे ऑनलाइन ‘सोशल स्किल्स’ प्रशिक्षण देऊ केले आहे आणि त्याची फी बरीच आहे. ते लावावे का, आणि घरी आम्ही काय करावे, असे त्या विचारतात.

ताई, मी गेली १८ वर्षे मराठवाड्यात स्वमग्न मुलांबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर काम करतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की फीचा विचार करण्याआधी संस्थेला एकच प्रश्न विचारा: मुलगा शिकत असताना आईवडिलांना तुम्ही काय शिकवणार? “तुम्हाला काही करावे लागणार नाही, सगळे आम्ही बघतो,” असे उत्तर आले, तर ते प्रशिक्षण लावू नका. मैत्री मोबाईलच्या पडद्यावर घडत नाही. ती क्लासच्या बाहेर, सायकल स्टँडवर आणि चहाच्या टपरीवर घडते, आणि तिथे मुलाला पोचवण्याचे काम घरच्यांनाच करावे लागते.

हे केवळ माझे मत नाही. किशोरवयीन मुलांसाठी ज्या कार्यक्रमाचा सर्वाधिक अभ्यास झाला आहे, तो ‘पीअर्स’ नावाचा कार्यक्रम लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एलिझाबेथ लॉगसन आणि फ्रेड फ्रँकेल यांनी तयार केला. त्यात १४ आठवडे, दर आठवड्याला दीड तास, मुले एका खोलीत शिकतात आणि त्याच वेळी त्यांचे पालक दुसऱ्या खोलीत शिकतात. दर आठवड्याला घरी करण्याचा अभ्यास असतो आणि पुढच्या तासाची सुरुवात त्या अभ्यासाची चौकशी करूनच होते. २००९ साली त्याचा पहिला मोठा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो ३३ मुलांवरचा होता. मुलांना नियम कळले आणि त्यांनी मित्रांना घरी बोलावण्याचे प्रमाण वाढले, असे त्यात दिसले. मात्र अशा प्रशिक्षणाकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नये. २०१७ साली अशा १९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. मुलांच्या स्वतःच्या सांगण्यातली सुधारणा मुख्यतः ‘कसे वागायचे ते मला कळले’ एवढीच होती. ‘मी तसे वागू लागलो’ असे ती फारशी सांगत नव्हती. पोहण्याचे पुस्तक पाठ करणे आणि विहिरीत उडी घेणे यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच हे अंतर आहे, आणि ते घरच्यांशिवाय भरून निघत नाही.

आता मुलाविषयी. ‘स्वमग्न’ हा शब्द आपल्या भाषेत रूढ झाला आहे, कागदपत्रांत तोच चालतो, म्हणून मीही वापरतो. परंतु तो मला कधीच पटलेला नाही. ज्याला दुसऱ्याची गरजच नाही, स्वतःतच जो बुडालेला आहे, असे चित्र त्यातून उभे राहते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांना मित्र हवे असतात. तुमचा मुलगा धरणाचे आकडे भिंतीला सांगत नाही, वर्गातल्या मुलांना सांगतो, म्हणजे तो त्याच्या परीने दार वाजवतोच आहे.

दुसरे असे की दोष एकाच बाजूचा नसतो. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ साली मांडले की स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही, तसेच इतरांनाही त्याचे मन कळत नाही. ही अडचण दुहेरी आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कानगोष्टींच्या खेळासारखी एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे सांगत नेली, तेव्हा सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत ती तितकीच नीट पोचली, जितकी सगळे इतर असलेल्या साखळीत. मिश्र साखळीत मात्र तिची जास्त गळती झाली. म्हणून ‘मुलाला दुरुस्त करायचे’ या भावनेने प्रशिक्षण लावू नये. त्याला परक्या मुलखाची बोली शिकवायची आहे. त्याची स्वतःची बोली विसरायला लावायची नाही.

हा फरक मला एका चुकीतून कळला. कामाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मी, पुस्तकात लिहिले होते म्हणून, मुलांना ‘बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघ’ असे शिकवत असे आणि तक्त्यावर चांदण्या चिकटवत असे. आठवीतल्या एका मुलाने ते मनापासून आत्मसात केले. शाळेत एक शिक्षक त्याला रागावत असताना त्याने खाली न बघता त्यांच्या डोळ्यांत टक लावून पाहिले, आणि ‘माझ्यावर डोळे वटारतो काय’ म्हणून त्याने मुस्काटात खाल्ली. आपल्याकडे मोठे माणूस रागावत असताना नजर खाली ठेवायची असते, हे मला ठाऊक होते, कारण मी याच मातीत वाढलो आहे. पण शिकवताना मी ते विसरलो. त्या मुलाने माझ्या नियमाप्रमाणे सगळे बरोबर केले होते. त्यानंतर मी डोळ्यांत बघण्याचा धडाच बंद केला. बोलणाऱ्याच्या दिशेने थोडे वळून उभे राहिले तरी पुरते. शिवाय नजर मिळवण्यात ज्याची सगळी शक्ती खर्च होते, त्याला समोरचा काय बोलतो ते ऐकू येत नाही, असे कित्येक मुलांनी मला सांगितले आहे. दिवसभर इतरांसारखे वागण्याचे सोंग करणारी मुले संध्याकाळी घरी येऊन कोसळतात, चिडतात किंवा गप्प होऊन पडून राहतात, आणि अशा सततच्या सोंगाचा संबंध चिंता व नैराश्याशी आढळलेला आहे.

तेव्हा परदेशी पुस्तकातला नियम घेण्याआधी आपल्या भागातली त्या वयाची मुले खरोखर काय करतात, ते पाहावे लागते. तुमच्या मुलाच्या वडिलांना एक काम सांगा. शनिवारी आले की ट्यूशन एरियात दोन क्लासच्या मधल्या सुट्टीत त्यांनी टपरीवर चहा घेत अर्धा तास बसावे आणि मुले एकमेकांना भेटताना काय करतात, एवढेच बघावे. ‘नमस्कार, तू कसा आहेस?’ असे कोणीही म्हणत नाही, हे त्यांच्या लक्षात येईल. कोणी मान उडवतो, कोणी खांद्यावर थाप मारतो, कोणी “काय लेका” एवढेच म्हणतो, आणि त्याचे उत्तरही “काय नाही” एवढेच असते. आपण मुलाला घरात शुद्ध पुस्तकी भाषेत अभिवादन शिकवतो, आणि तो ते तिथे म्हणतो, तेव्हा चारचौघांत हसे होते. त्याला थाप आवडत नसेल, तर मान उडवणे पुरे. पण मान उडवायची असते, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

आपल्या बोलीत शब्द एक आणि अर्थ दुसरा, असे फार असते, आणि इथे स्वमग्न मुले हटकून अडखळतात. “जेवलास का?” या प्रश्नाला ताटातले पदार्थ सांगायचे नसतात. निघताना आपण “येतो” म्हणतो. “बघू” म्हणजे बहुतेक वेळा ‘नाही’. “कधी तरी घरी ये की” हे आमंत्रण नसते. “रविवारी चारला ये” हे असते. परभणीकडचा एक मुलगा “ये की घरी” ऐकून दुसऱ्याच दिवशी दुपारी दोन वाजता एका वर्गमित्राच्या दारात उभा राहिला. सगळे घर झोपलेले होते. मित्राच्या आईने चहा केला, पण पुढे तो मित्र त्याला टाळू लागला, आणि का टाळतो हे त्या मुलाला आठ महिने कळले नाही. अशा वाक्यांची एक वही करा. डाव्या बाजूला लोक काय म्हणतात ते, उजव्या बाजूला त्याचा अर्थ काय ते, आणि खाली मुलाने काय म्हणावे ते. ही वही मुलानेच लिहावी. आकडे आणि नोंदी ठेवणे त्याला आवडते, तर ही आणखी एक नोंद. ‘ज्या आमंत्रणात वार आणि वेळ नाही, ते आमंत्रण नाही’ असा नियम त्या परभणीच्या मुलाने स्वतः शोधून काढून माझ्यासमोर ठेवला, आणि तो आता मी इतरांना शिकवतो.

पाण्याच्या विषयाकडे वळतो. बरेच पालक आणि दुर्दैवाने काही प्रशिक्षकही ‘तो विषय बंद’ असा हुकूम काढतात. तसे करू नका. लातूर, बीड, धाराशिव भागात पाणी हा कोणालाही परका विषय नाही. टँकर, बोअर, हंडे हे प्रत्येक पोराने पाहिलेले आहे. अडचण विषयाची नाही, देवाणघेवाणीची आहे. तो देतो, घेत नाही. त्यासाठी मी घरी एक स्टीलचे फुलपात्र वापरायला सांगतो. जेवताना ज्याच्या हातात फुलपात्र, त्याने बोलायचे. दोन वाक्ये झाली की ते समोरच्याला द्यायचे, आणि देताना त्याच्याविषयी एक प्रश्न विचारायचा. समोरच्याचे उत्तर आले की त्या उत्तराला धरूनच पुढचे वाक्य बोलायचे. पहिले काही दिवस हे नाटकी वाटते. माझ्याकडच्या एका मुलाचे आणि त्याच्या चुलतभावाचे तिसऱ्या आठवड्यातले बोलणे मी टिपून ठेवले होते:

“तुमच्या गावाला टँकर येतो का रे?”

“येतो की, उन्हाळ्यात.”

“आमच्याकडं बोअर हाय, पर मार्चला आटतो. तुमच्याकडं पाणी कोण भरतं?”

“मीच भरतो, आई रानात जाते ना.”

“मंग सकाळी क्लासला उशीर होत आसंल.”

शेवटचे वाक्य पाहा. ते पाण्याविषयी राहिलेले नाही, भावाविषयी झाले आहे. तिथपर्यंत पोचायला २० दिवस लागले. त्याआधी हाच मुलगा पहिल्या प्रश्नानंतर थेट २०१६ च्या जलदूत या पाण्याच्या रेल्वेगाडीवर घसरत असे: पहिल्या फेरीत दहा वाघिणी, ५ लाख लिटर पाणी, आणि मग श्रोता उठून जाईपर्यंत तेच. ती माहिती खरी आहे, रंजकही आहे. ‘पुढं सांग’ असे समोरून आले तर जरूर सांगावी. नाही आले तर ती माझ्यासाठी किंवा बाबांसाठी राखून ठेवावी. मी दर भेटीत १० मिनिटे त्यासाठी ठेवतो, आणि खरे सांगायचे तर धरणांविषयी मला जे काही ठाऊक आहे, ते या मुलांकडूनच.

बोलत उभ्या असलेल्या घोळक्यात शिरणे ही त्याहून अवघड गोष्ट आहे. मोठी माणसे सांगतात, “जा, त्यांच्यात जाऊन बोल.” कसे, ते कोणी सांगत नाही. ज्या मुलांना हे सहज जमते, ती आधी दोन-तीन हातांवर उभी राहून मोबाईल किंवा वही चाळत कान देतात, विषय कोणता आहे ते ओळखतात, बोलणे क्षणभर थांबले की जवळ सरकतात आणि त्याच विषयावर एक छोटे वाक्य टाकतात. मुलांनी वळून पाहिले, जागा केली, उत्तर दिले, तर राहावे. खांदे वळले नाहीत, कोणी उत्तर दिले नाही, तर काही न बोलता बाजूला व्हावे आणि त्याचे वाईट वाटून घेऊ नये, कारण असे नकार सगळ्यांनाच मिळतात. इतर मुले ते मोजत नाहीत, एवढाच फरक. विषय कळत नसेल, तर त्या घोळक्यात शिरूच नये. क्रिकेटचे ओ की ठो माहीत नसताना क्रिकेटच्या गप्पांत उभे राहण्यापेक्षा ज्या दोघांना गणिताचे कोडे सुटत नाही, त्यांच्याजवळ उभे राहणे शहाणपणाचे.

‘टँकर’ या नावाविषयी तुम्ही दोन ओळी लिहिल्या आहेत, पण तुमची सगळी काळजी तिथेच आहे, असे मला वाटते. आपण मुलांना तीन गोष्टी सांगत आलो: दुर्लक्ष कर, तिथून निघून जा, सरांना सांग. चिडवणाऱ्याला तमाशा हवा असतो. गप्प राहणारा मुलगा तावडीत सापडल्यासारखा दिसतो, सरांकडे जाणारा चुगलीखोर ठरतो, आणि रडणारा किंवा अंगावर धावणारा तर त्यांना हवे तेच देतो. ज्यांना कोणी चिडवून दमवू शकत नाही, ती मुले एक छोटे, थंड, कंटाळलेले वाक्य टाकतात आणि तोंड फिरवतात. इंग्रजी कार्यक्रमात त्यासाठी काही ठरावीक शब्द आहेत, पण ते आपल्याकडे हास्यास्पद वाटतात. आपल्या बोलीत त्यासाठी एक अप्रतिम शब्द तयार आहे: “मंग?” आवाज न चढवता, भुवई किंचित वर करून म्हटलेला “मंग?” समोरच्याला पुढे बोलायला काही शिल्लक ठेवत नाही. “बरं” चालते. “जुनं झालं ते” हेही चालते. एकदा म्हणायचे आणि वळायचे. उत्तराची वाट पाहत थांबलात तर वाद सुरू होतो. सराव करताना मात्र ‘टँकर’ हा शब्द वापरू नका. आईच्या तोंडून तो नको. ‘तुझी चप्पल कसली बेकार’ असल्या बिनमहत्त्वाच्या वाक्यावर १०-२० वेळा सराव करा, आवाजातली धार जाईपर्यंत.

हे आधी पारखून घ्या की ते नाव खरोखर चिडवण्यासाठीच आहे का. मराठवाड्यात टोपणनाव नसलेला मुलगा शोधून सापडणार नाही. “ए टँकर, चल चहाला” असे कोणी म्हणत असेल, तर ते नाव त्याला टोळीत घेतल्याची खूण असू शकते. तो आला की सगळे थांबून एकमेकांकडे बघून हसतात आणि तो गेला की पुन्हा हसतात, तर ती टिंगल आहे. वडिलांनी टपरीवर बसून हेही ऐकावे. मुलगा स्वतः ते ओळखू शकत नसेल, तर त्याला एकच विचारा: “ते नाव घेतल्यावर त्यांनी तुला सोबत नेलं का?” धक्काबुक्की, पैसे मागणे, व्हिडिओ काढणे असे काही असेल, तर तिथे “मंग?” मुळीच कामाचे नाही. ती मुलाने सोसायची किंवा कौशल्याने हाताळायची बाब नव्हे; तुम्ही दोघांनी क्लासच्या संचालकांकडे लेखी तक्रार करायची बाब आहे. हा “मंग?” शिक्षकांना, आजोबांना किंवा पाहुण्यांना म्हणायचा नाही, हेही वहीत लिहून ठेवा. माझ्या एका विद्यार्थ्याने तो थेट मुख्याध्यापकांवर वापरला होता.

मैत्री पक्की होते ती क्लासबाहेरच्या भेटीत, आणि आयांचे खरे कौशल्य इथे लागते. भेट ठरवताना कोण, कुठे, कधी, किती वेळ आणि काय करायचे, एवढे आधी ठरलेले असावे. पहिल्या भेटीला एकच मुलगा, फार तर दोन. वेळ दीड-दोन तासांचा, आणि तो संपण्याची वेळही आमंत्रणातच सांगावी. ‘ये, गप्पा मारू’ नको. हाताला काम हवे. सुदैवाने तुमच्याकडे शेत आहे, आणि लातूर-धाराशिव भागात मार्गशीर्ष अमावास्येला येळवस, म्हणजे रानात पूजा करून तिथेच जेवण्याचा सण, असते. त्या दिवशी निम्मे लातूर रानात असते आणि परक्याला शेतात जेवायला बोलावणे हा रिवाजच आहे, त्यामुळे आमंत्रण विचित्र वाटत नाही. एका कुटुंबाबरोबर आम्ही असेच केले. आठवडाभर आधी मुलाने एका मुलाला विचारले: “बुधवारी येळवस हाय, आमच्या रानात येतो का? बाबा सकाळी धाला गाडी घेऊन येतील, चारला परत सोडतील.” तो दिवसभराचा प्रकार होता, म्हणजे दोन तासांच्या नियमात बसणारा नव्हता, म्हणून दिवसाचे तुकडे पाडले. आधी कडब्याच्या कोपीपर्यंत पूजेचे सामान दोघांनी नेणे, मग जेवण, मग मुलाने विहीर आणि मोटार दाखवणे, आणि त्यानंतर अर्धा तास मुलाने एकट्याने मळ्याच्या टोकाला जाऊन बसणे. त्या अर्ध्या तासात पाहुण्या मुलाला चुलत्याने पतंग दिला. भज्जी आणि आंबील खाताना आईने मुलाला काहीही सुचवायचे नाही, असे मी बजावले होते. तिने ते पाळले. ओठ चावून पाळले, असे ती नंतर म्हणाली.

यजमानाचा एक नियम मुलाला आधी नीट सांगावा लागतो: खेळ किंवा काम कोणते, हे पाहुणा निवडतो. ‘आमच्या घरी आमचेच चालणार’ अशी धारणा असेल, तर हे पचायला वेळ लागतो. म्हणून दोनच पर्याय आधीपासून ठरवून ठेवा आणि दोन्ही मुलाला चालतील असे ठेवा.

आता घरातल्या मोठ्यांविषयी. मुलापेक्षा त्यांना शिकवणे मला अवघड जाते. चारचौघांत मुलाला कोपर मारून “काकांना नमस्कार कर, काहीतरी बोल” असे म्हणणे आजपासून बंद करा. सूचना आधी द्यावी किंवा घरी परतल्यावर, मध्ये नाही. घरी परतल्यावरही आधी काय जमले ते सांगावे, मग पुढच्या वेळी काय करून पाहायचे ते एकच सांगावे. ‘तू असे का केलेस?’ या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे नसते, आणि तो विचारण्यातून निष्पन्न काहीही होत नाही. आजी, मामा, आत्या यांना निदानाची सगळी कहाणी सांगण्याची गरज नाही. “गर्दी झाली की त्याला थोडा वेळ बाहेर बसू द्या, तो रुसलेला नसतो,” एवढे वाक्य पुष्कळ कामे करते. लग्नकार्यात त्याला पंगतीत वाढायला लावा. माझ्या अनुभवात वाढण्याचे काम या मुलांना फार शोभते: कोणत्या क्रमाने काय वाढायचे ते ठरलेले असते, बोलायचे शब्द ठरलेले असतात, आणि सगळे त्याला हाक मारतात.

मोबाईलसाठी एकच नियम पुरे: समोरून उत्तर आल्याशिवाय ओळीने दोनपेक्षा जास्त मेसेज पाठवायचे नाहीत. आणि एक विषय तुम्ही विचारलेला नाही, पण १६ व्या वर्षी तो येणारच. एखादी मुलगी आवडली की तिच्या मागे क्लासपासून घरापर्यंत जाणे, पुन्हा पुन्हा मेसेज करणे, हे त्याला निष्ठेचे लक्षण वाटू शकते. कायद्याला ते वाटत नाही, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पाठलाग हा गुन्हा आहे. एकदा विचारल्यावर ‘नाही’ किंवा गप्पपणा आला, तर तो विषय संपला, हे वडिलांनी त्याच्याशी आडपडदा न ठेवता, शक्य तितक्या सरळ शब्दांत बोलावे. याच्या उलट, स्वमग्न मुलींना मी नकार द्यायलाच आधी शिकवतो. लहानपणापासून ‘शहाणी, गप्प गप्प’ म्हणून त्यांचे कौतुक झालेले असते, सोंग त्यांना इतके सवयीचे झालेले असते की निदान उशिरा होते, आणि नको असलेल्या गोष्टीलाही त्या मान डोलावतात.

फरक पडतो आहे का, हे ओळखण्यासाठी मुलगा किती बोलका झाला ते मोजू नका. महिन्यातून एकदा कोणी त्याला आपणहून हाक मारली का, आणि आठवड्याचा शेवट त्याला हवाहवासा वाटतो का, हे पाहा. एका मित्राने दिवस निघतात, दहांची गरज नसते. झोप उडणे, जेवण टाकणे, ज्या पाण्याच्या नोंदींवर जीव होता त्या बंद होणे, अशी लक्षणे दिसली, तर सामाजिक कौशल्यांचा सगळा सराव थांबवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. रात्री-अपरात्री घाबरायला झाले, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. दिव्यांगत्व प्रमाणपत्र काढले नसेल, तर बारावीच्या परीक्षेआधी काढून ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे आणि परीक्षेत वाढीव वेळ मागताना त्या प्रमाणपत्राचा उपयोग होतो. प्रमाणपत्र खिशात ठेवायचे असते, कपाळावर लावायचे नसते, त्यामुळे लोक काय म्हणतील ही भीती अनाठायी आहे.

त्या ऑनलाइन प्रशिक्षणाविषयी अंतिम निर्णय संस्थेच्या उत्तरानंतर घ्या. पालकांचा तास आणि दर आठवड्याचा प्रत्यक्ष सराव असेल, तर १२ आठवडे वाया जाणार नाहीत. तोवर या आठवड्यात तीनच गोष्टी करा: शनिवारी बाबांचा टपरीवरचा अर्धा तास, रोज रात्रीच्या जेवणात फुलपात्र, आणि वहीचे पहिले पान. त्या पानावर ‘येतो’ हा शब्द लिहायला विसरू नका, परवा माझ्याकडून निघताना एक मुलगा मला “येतो” म्हणाला, दारापर्यंत गेला, वळला आणि म्हणाला, “म्हणजे जातो.”